एस.एस. फोर्ट स्टिकीन

एस.एस. फोर्ट स्टिकीन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडात बांधलेले आणि ब्रिटिश सरकारच्या युद्धवाहतूक मंत्रालयासाठी चालवले जाणारे व्यापारी मालवाहू जहाज होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत त्याला आग लागली आणि त्यातील दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. या दुर्घटनेत ८०० पेक्षा अधिक लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. काही अंदाजांनुसार हा आकडा १,३०० पर्यंत जातो. मुंबईच्या इतिहासात ही घटना 'गोदीतील स्फोट' किंवा 'मुंबई गोदी स्फोट' या नावांनी ओळखली जाते. जहाजावर शत्रूने हल्ला केलेला नव्हता. युद्धाच्या निकडीमुळे शिथिल झालेले वाहतुकीचे नियम, एकत्र भरलेला धोकादायक माल आणि संकटाच्या वेळी अंतिम निर्णय घेणाऱ्या एकाच अधिकाऱ्याचा अभाव, ही या दुर्घटनेमागील प्रमुख कारणे होती.

बांधणी आणि नाव

१९४२ मध्ये शत्रूच्या पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची एक हजाराहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. बुडणाऱ्या जहाजांची जागा भरून काढण्यासाठी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथे एकाच नमुन्याची जहाजे मोठ्या संख्येने बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. इंग्लंडमधील संडरलँड येथील जे. एल. थॉम्पसन यांच्या नॉर्थ सँड्स या जहाजबांधणी कारखान्यातील आराखडा त्यासाठी आधारभूत मानला गेला. अमेरिकेची प्रसिद्ध 'लिबर्टी' जहाजेही याच आराखड्यावरून विकसित झाली. मात्र लिबर्टी जहाजांचे पत्रे जोडकामाने सांधलेले असत, तर कॅनडातील या जहाजांत रिव्हेटांचा वापर अधिक होता.

कॅनडात बांधल्या गेलेल्या अशा जहाजांपैकी ९० जहाजे अमेरिकेने विकत घेतली आणि लेंड-लीज व्यवस्थेखाली ब्रिटनला वापरासाठी दिली. त्यांच्या नावांच्या सुरुवातीला 'फोर्ट' हा शब्द असे. ही नावे उत्तर अमेरिकेतील व्यापारी ठाण्यांवरून घेतलेली होती. स्टिकीन हे ठाणे आजच्या अलास्कातील रँगल या गावाच्या जागी होते. १८३४ मध्ये ते रशियनांनी उभारले आणि पुढे ते हडसन्स बे कंपनीच्या ताब्यात आले.

फोर्ट स्टिकीनची बांधणी १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट या बंदरात झाली. जहाजाची लांबी सुमारे ४२४ फूट आणि एकूण नोंदणीकृत टनभार ७,१४२ होता. या वर्गातील जहाजे कोळशावर चालत. त्यांना एकच पंखा असे, वेग ताशी सुमारे ११ सागरी मैल असे आणि ती सुमारे १०,००० टन भार वाहू शकत. जहाजाचे व्यवस्थापन पोर्ट लाइन या ब्रिटिश जहाज कंपनीकडे होते.

युद्धकाळातील व्यापारी जहाजाचे काम

युद्धकाळातील व्यापारी जहाज नौदलाचे नसले तरी त्याचा माल, मार्ग आणि वेळापत्रक सरकार ठरवत असे. जहाजांची टंचाई इतकी होती की कोणतेही जहाज अर्धवट रिकामे पाठवणे परवडत नसे. शांततेच्या काळात वेगवेगळ्या जहाजांतून गेला असता असा माल त्यामुळे एकाच जहाजात भरला जाई.

या बाबतीत तेलवाहू आणि सर्वसाधारण मालवाहू जहाजांत मोठा फरक होता. तेलवाहू जहाजाचा धोका उघड असतो आणि त्याचा माल एकाच प्रकारचा असतो. मुंबईतही खनिज तेल उतरवण्याची सोय मुख्य गोद्यांपासून दूर, ट्रॉम्बेजवळील पीर पाऊ येथे होती. स्फोटकांनाही शांततेच्या काळात असाच नियम लागू होता. दारूगोळा घेऊन आलेले जहाज गोदीत न घेता बाहेर खाडीत नांगरले जाई आणि तेथूनच तो माल छोट्या होड्यांत उतरवला जाई. युद्धकाळात माल लवकर उतरवण्याच्या गरजेपोटी हा नियम शिथिल करण्यात आला. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावण्याची पद्धतही पाळली जात नव्हती. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या जहाजाच्या पोटात काय आहे, हे इतरांना कळण्याचा सोपा मार्ग उरला नव्हता.

शेवटची सफर

फोर्ट स्टिकीन २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. जिब्राल्टर, पोर्ट सैद आणि कराची येथे थांबत ते मुंबईला पोहोचणार होते. कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ हे होते. जहाजावर सुमारे १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्यात पाणतीर, सुरुंग आणि तोफगोळे यांचा समावेश होता. यांपैकी २३८ टन माल 'अ' वर्गातील, म्हणजे सर्वांत संवेदनशील स्फोटकांचा होता. याशिवाय खोक्यांत बंद केलेली स्पिटफायर लढाऊ विमाने होती.

याच जहाजात सुमारे ८ लाख ९० हजार पौंड किमतीचे सोनेही होते. ३१ पेट्यांमध्ये प्रत्येकी ४ याप्रमाणे सोन्याच्या १२४ विटा होत्या आणि एका विटेचे वजन सुमारे १२.७ किलो होते. युद्धामुळे दबावाखाली आलेल्या भारतीय चलनाला आधार देण्यासाठी हे सोने पाठवले जात होते.

कराचीत काही माल उतरवण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड आणि मोडीचे लोखंड भरण्यात आले. पंजाब आणि सिंधमधील कापूस रेल्वेने मुंबईला पाठवण्यास त्या वेळी मनाई होती. रेल्वेचे डबे लष्करी वाहतुकीसाठी हवे होते आणि मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कापूस त्यामुळे समुद्रमार्गे आणावा लागत होता. स्फोटके, तेल आणि कापूस एकत्र भरण्यास नेस्मिथ यांनी आक्षेप नोंदवला होता. पण जहाजांच्या टंचाईपुढे त्या आक्षेपाचा उपयोग झाला नाही.

कापूस लवकर पेट घेतो, हे सर्वांना ठाऊक असते. घट्ट दाबलेल्या गासडीचा धोका मात्र वेगळा आहे. तिच्या आत अडकलेल्या हवेमुळे आग ज्वाळा न दाखवता तासन्‌तास धुमसत राहू शकते. वरून पाणी टाकले तरी ते गासडीच्या गाभ्यापर्यंत लवकर पोहोचत नाही. फोर्ट स्टिकीनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालकप्प्यात अशा गासड्या स्फोटकांच्या सान्निध्यात रचलेल्या होत्या.

व्हिक्टोरिया गोदीत

जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागले. मुंबई पोर्ट ट्रस्टने बांधलेली प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये सुरू झाली होती. दोन्ही गोद्या बंदिस्त होत्या. पाण्याची पातळी टिकवण्यासाठी त्यांना दारे होती आणि जहाजांची ये-जा भरतीच्या वेळेवर अवलंबून असे. आत आलेले जहाज त्यामुळे हव्या त्या क्षणी बाहेर काढता येत नसे. गोद्यांच्या पश्चिमेला गोदामांच्या रांगा आणि त्यांच्यामागे मांडवी, मशीद बंदर व डोंगरी या दाट वस्त्या होत्या. मांडवी हे धान्याच्या घाऊक व्यापाराचे केंद्र होते. गोद्यांत आणि गोदामांत ओझी वाहणाऱ्या कामगारांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांचा मोठा भरणा होता.

माल उतरवण्याचे काम सुरू झाले, तरी १४ एप्रिलच्या दुपारपर्यंत स्फोटकांचा मोठा भाग जहाजातच होता.

आग

१४ एप्रिल १९४४ रोजी शुक्रवार होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या वेळी शेजारच्या जहाजांवरील काही जणांना फोर्ट स्टिकीनच्या वायुवाहिन्यांतून धूर येताना दिसला. जहाजावरील लोकांना आगीची जाणीव झाली ती कामगार सुट्टीनंतर परतल्यावर. दुसऱ्या क्रमांकाच्या मालकप्प्यातून धूर येत होता. जहाजावरील कर्मचारी, गोदीतील अग्निशामक तुकडी आणि पाठोपाठ आलेले मुंबई अग्निशमन दलाचे बंब यांनी पाण्याचा मारा सुरू केला.

दाट धुरामुळे आगीचे नेमके ठिकाण सापडत नव्हते. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. पण आत आग धुमसतच राहिली आणि उष्णतेने ते पाणी उकळू लागले. पाणी भरत गेल्याने पेटत्या गासड्या तरंगून वर, स्फोटकांच्या दिशेने सरकू लागल्या. जहाजाच्या बाहेरील पत्र्यावरचा रंग एका ठिकाणी फुगून गळू लागला, तेव्हा आगीच्या जागेचा अंदाज आला. तेथील पत्रा कापून आत पाणी सोडण्याचा प्रयत्न झाला. पण तो यशस्वी झाला नाही.

त्या वेळी तीन मार्ग समोर होते : आग जागीच विझवणे, जहाज ओढून खुल्या समुद्रात नेणे किंवा त्याला गोदीतच जलसमाधी देणे. प्रत्येक मार्गात अडचण होती. आग विझत नव्हती. जहाज बाहेर काढताना वाटेत स्फोट झाला असता, तर बंदरातील इतर जहाजे धोक्यात आली असती. गोदीत पाण्याची खोली मर्यादित असल्याने जहाज बुडवूनही स्फोटके पाण्याखाली जातील याची खात्री नव्हती. अग्निशमन दल, बंदराचे व्यवस्थापन, लष्कराचे दारूगोळा अधिकारी आणि जहाजाचे कप्तान या सर्वांचे अधिकार वेगवेगळे होते. या सर्वांना एकत्रित आदेश देऊ शकेल असा एकही अधिकारी तेथे नव्हता. परिणामी पाणी मारत राहणे हाच मार्ग चालू राहिला.

स्फोट

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश देण्यात आला. त्यानंतर १६ मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. धक्क्यावर आणि जहाजावर काम करणारे अग्निशामक दलाचे अनेक जवान जागीच ठार झाले. कप्तान नेस्मिथ यांचाही मृत्यू झाला. स्फोटामुळे उसळलेल्या लाटेने शेजारची जहाजे उचलून आपटली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'जलपद्म' हे सुमारे ४,००० टनांचे जहाज धक्क्यावर फेकले गेले.

सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. पेटलेल्या कापसाच्या गासड्या, तप्त लोखंडाचे तुकडे आणि जळते तेल आकाशात उंच उडून गोदामांवर, जहाजांवर आणि वस्त्यांवर कोसळले. पहिल्या स्फोटानंतर जखमींना बाहेर काढण्यासाठी आणि आग विझवण्यासाठी आलेले लोक या दुसऱ्या स्फोटात सापडले.

स्फोटाने सुमारे १२ किलोमीटर अंतरापर्यंतच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर हे भाग याच पल्ल्यात येतात. दूरवरच्या शिमला येथील भूकंपमापक यंत्रावर या हादऱ्याची नोंद झाली. शहरात अनेकांना हा जपानी हल्ला आहे असे वाटले.

हानी

सुमारे २ चौरस किलोमीटर परिसर आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या निकामी झाल्या. फोर्ट क्रेव्हिए, बरोडा, जलपद्म, इराण, किंगयुआन, ग्रॅसिओसा, जनरल व्हॅन डर हेइडन, तिनोम्बो ही जहाजे आणि भारतीय नौदलासाठी वापरले जाणारे 'एल हिंद' यांसह डझनभर जहाजे बुडाली किंवा नष्ट झाली. यांत ब्रिटिश, भारतीय, डच, नॉर्वेजियन आणि पनामात नोंदलेली जहाजे होती.

मृतांपैकी २३१ जण गोदीशी संबंधित निरनिराळ्या सेवांतील होते आणि त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. ५०० हून अधिक मृत सामान्य नागरिक होते. त्यांतील बहुतेक गोदीलगतच्या दाट आणि गरीब वस्त्यांत राहणारे होते. सुमारे २,५०० लोक जखमी झाले. मृतांच्या आकड्यांत तफावत आढळते. ठार झालेल्यांपैकी किती जण त्या दिवशी गोदीत रोजंदारीवर किंवा वस्तीत पाहुणे म्हणून आले होते, याचा हिशेब लावणे अशा आगीनंतर अवघड असते.

गोदामांतील ५०,००० टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि अन्नधान्याचे नियंत्रण चालू होते. अशा काळात झालेल्या या नासाडीमुळे धान्याच्या काळ्या बाजाराला चालना मिळाली. मांडवीतील अनेक पेढ्या आणि दुकाने जळून खाक झाली व हजारो कुटुंबे बेघर झाली.

वृत्तनियंत्रण

युद्धकालीन नियमांमुळे या घटनेचे सविस्तर वृत्त छापण्यास बंदी होती. जपानच्या नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिल रोजी, स्फोटाची तपशीलवार बातमी प्रसारित केली. ब्रिटिश सरकारने मात्र मे १९४४ च्या दुसऱ्या आठवड्यात वार्ताहरांना बातम्या पाठवण्याची परवानगी दिली. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकात ही बातमी २२ मे १९४४ रोजी आली. छायाचित्रकार सुधीश घटक यांनी केलेले दुर्घटनेचे चित्रीकरण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. अशा रीतीने शत्रूला ठाऊक असलेली गोष्ट मुंबईबाहेरच्या भारतीय वाचकाला जवळजवळ महिनाभर अधिकृतपणे कळू शकली नाही.

चौकशी आणि नुकसानभरपाई

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. घातपाताचा संशय व्यक्त केला जात होता. परंतु आग अपघाताने, बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे कापूस पेटून लागली असावी, असे मत आयोगाने मांडले. मोठ्या विनाशाची कारणे मात्र त्या ठिणगीच्या पलीकडची होती. स्फोटकांनी भरलेले जहाज थेट गोदीत आणावे लागण्याजोगी युद्धस्थिती, स्फोटकांच्या खाली आणि वर कापूस रचण्याची पद्धत, तसेच आगीचे गांभीर्य वेळीच न ओळखले जाणे व विविध यंत्रणांवर एकछत्री नियंत्रण नसणे, यांचा त्यांत समावेश होता.

नुकसानभरपाईचा प्रश्नही गुंतागुंतीचा होता. आगीचा विमा असला तरी युद्धजन्य हानी त्यातून सामान्यतः वगळलेली असे. गोदीतील स्फोट ही साधी आग मानायची की युद्धाचा परिणाम, यावर भरपाई अवलंबून होती. सरकारने १९४४ मध्ये मुंबई स्फोट (नुकसानभरपाई) अध्यादेश काढून भरपाईची व्यवस्था केली.

गोद्यांची पुनर्बांधणी आणि सोने

गोद्या पुन्हा सुरू करण्यासाठी सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली. त्यांनी सुमारे ५ लाख टन राडारोडा हलवला. बुडालेली जहाजे कापून काढणे, गाळ उपसणे आणि न फुटलेला दारूगोळा शोधून निकामी करणे हे सर्व काम एकाच वेळी करावे लागत होते, कारण युद्ध चालूच होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीला रसद पुरवणाऱ्या बंदरांत मुंबईचे स्थान महत्त्वाचे होते.

सोन्याच्या विटा स्फोटात दूरवर फेकल्या गेल्या. त्यांतील एक वीट सुमारे दीड किलोमीटरवरील एका घराच्या व्हरांड्यात येऊन पडली. त्या घरातील निवृत्त पारशी गृहस्थांनी ती सरकारजमा केली. अनेक विटा गाळातून परत मिळाल्या. १९७० च्या दशकातही गाळ उपसताना काही विटा सापडल्या आणि त्या ब्रिटिश सरकारला परत करण्यात आल्या. न फुटलेले तोफगोळेही नंतरच्या काळात आढळले असून २०११ मध्ये सुमारे ४५ किलो वजनाचा एक गोळा सापडला.

पुढे मालवाहतूक कंटेनरांतून होऊ लागल्यावर बंदिस्त गोद्यांचे महत्त्व घटले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या एकविसाव्या शतकात भराव घालून बुजवण्यात आल्या आहेत.

तत्सम दुर्घटना

स्फोटके वाहणाऱ्या व्यापारी जहाजांमुळे बंदरे उद्ध्वस्त झाल्याची इतरही उदाहरणे आहेत. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात 'माँ-ब्लाँ' या फ्रेंच जहाजाचा स्फोट होऊन १,७०० हून अधिक लोक मरण पावले. तेथेही युद्धकाळात स्फोटकांच्या जहाजांना आतल्या बंदरात येऊ देण्यात येत होते आणि त्या जहाजावर धोक्याचे निशाण नव्हते. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे 'ग्रँडकॅम्प' या जहाजावरील अमोनियम नायट्रेट खताला आग लागून स्फोट झाला. त्या वेळीही आग विझवण्यासाठी गेलेले जवान प्रथम मृत्युमुखी पडले.

स्मृती

अग्निशमन दलाच्या जवानांच्या बलिदानाच्या स्मरणार्थ भारतात दरवर्षी १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो आणि त्यात शाळा, कारखाने व निवासी इमारतींत आगीपासून बचावाची प्रात्यक्षिके होतात. मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळा येथील मुख्यालयात या जवानांचे स्मारक असून तेथे दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते.